आज पर्समध्ये कोणता चाकू? मुंबईत रोज बाळगायच्या घडीच्या चाकूची निवड

घडीचा चाकू घेताना माणूस आधी पातं बघतो, मग मूठ, मग किंमत. मुंबईत तो रोज जवळ बाळगायचा असेल तर सगळ्यांत आधी आपला दिवसाचा रस्ता बघावा. लोकल, मेट्रो, ऑफिस, संध्याकाळी एखादा मॉल किंवा सिद्धिविनायक, यांतल्या निम्म्या ठिकाणी दारातच पिशवी तपासतात. शिवाय या शहरात चाकू म्हटलं की लोकांना आधी भाई आठवतो, पेरू नंतर. त्यामुळे ज्याच्या घरी तीन-चार चांगले चाकू आहेत त्यालाही रोज सकाळी ठरवावं लागतं की आज कोणता, आणि आज न्यायचा तरी का.

पारंपरिक म्हणजे कोणता, तेवढं आधी सांगते. नखाच्या खाचेत नख घालून दोन हातांनी उघडायचा, पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावर उघडा राहणारा, बिनलॉकचा चाकू. त्याला स्लिपजॉईंट म्हणतात. बटण नाही, खिशाला अडकवायची क्लिप नाही, एका हाताने झटकन उघडणं नाही. ओपिनेलसारखे दोन-चार अपवाद याच घराण्यात धरतात, त्यांचं पुढे येईलच. एका हाताने उघडणारे काळे, ‘टॅक्टिकल’ म्हणून विकले जाणारे चाकू या लेखात नाहीत. मुंबईच्या गर्दीत तसलं काही बाहेर काढण्याची गरज मला आजवर पडलेली नाही.

आधी कायदा, मग हौस

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम, २०१६ यांत धारदार शस्त्रांचं माप दिलं आहे: नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे वगैरे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. एवढं वाचून पुष्कळ जण निर्धास्त होतात, कारण घडीच्या चाकूचं पातं तीन इंचांच्या आसपास असतं.

मुंबईत मात्र दुसरा कायदा जास्त महत्त्वाचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त ठरावीक दिवसांसाठी जमावबंदीचे आणि शस्त्रबंदीचे आदेश काढतात. निवडणुका, सण, मोर्चे अशा निमित्तांनी ते पुन्हा पुन्हा निघत राहतात. या कलमात काठी, लाठी, तलवार, भाला यांच्याबरोबर सुऱ्याही आहेत, आणि शारीरिक इजा करण्यास वापरता येईल अशी कोणतीही वस्तू धरता येते. तिथे इंचांचं माप नाही. मोडल्यास कलम १३५ खाली शिक्षा आहे. म्हणजे पातं लहान आहे हा मुद्दा उपयोगी असला तरी पुरेसा नाही. आदेश लागू असताना, सभा-मिरवणुकीच्या आसपास, विसर्जनाच्या गर्दीत चाकू घरी ठेवायचा. इथे माझ्याकडे दुसरं मत नाही.

‘स्वसंरक्षणासाठी’ हा शब्द तर डोक्यातूनही काढून टाका. एक तर बिनलॉकचा चाकू भोसकायला गेलं की स्वतःच्याच बोटांवर मिटतो. दुसरं, पोलिसाने विचारल्यावर तुम्ही हे कारण सांगितलंत की फळं कापायच्या वस्तूचं तुमच्याच तोंडाने शस्त्र झालं.

दारांचं थोडक्यात. विमानतळावर हँडबॅगेत नाही, चेक-इन सामानात चालतो. मेट्रोच्या स्कॅनरमध्ये दिसला की अडवतात. न्यायालयं, मंत्रालय, मोठी देवळं, मॉल, मल्टिप्लेक्स इथे नेऊच नये. दारात ठेवून घेतला तर परत मिळेलच याची खात्री नसते. लोकलच्या फाटकावर रोजची तपासणी नसते, पण स्टेशनांवर रेल्वे पोलीस कोणाचीही पिशवी उघडायला सांगू शकतात. तेव्हा पिशवीतून जे निघेल ते बघून समोरच्याचा चेहरा बदलू नये, अशा बेताचा चाकू निवडायचा.

कापायचं काय आहे?

एक सोपी गोष्ट करा. आठवडाभर घरी-दारी जेव्हा जेव्हा कात्री, सुरी किंवा दात वापरलात, ते कागदावर टिपून ठेवा. मुंबईतल्या नोकरदाराच्या यादीत साधारण हे येतं: पार्सलची टेप, दुधाची किंवा फरसाणाची पिशवी, नव्या कपड्याचं लेबल, सुतळी, पेन्सिल, सफरचंद किंवा पेरू, आणि मोसमात आंबा. यातल्या कशालाही तीन इंचांपेक्षा लांब पातं लागत नाही. टेप आणि लेबलं मिळूनच निम्मी यादी होते, त्यांना दीड इंच पुरतं.

आता तुमच्या यादीत फळं जास्त आहेत की पॅकिंग, ते बघा. फळांना पातळ, थोडं लांब पातं लागतं. जाड पात्याने सफरचंद कापलं जात नाही, फुटतं. पॅकिंगला सरळ धारेचं, टोक खाली वळलेलं पातं बरं, म्हणजे खोक्याच्या आतली वस्तू फाटत नाही. टेपचा डिंक पात्याला चिकटतो आणि मग त्याच पात्याने पेरू कापवत नाही. म्हणून दोन पात्यांचा चाकू: एक खाण्याचं, एक बाकी सगळ्याचं. ही वाटणी एकदा ठरली की मोडू नका.

माहीत असावेत असे प्रकार

स्विस चाकूपासून सुरुवात करते, कारण मुंबईत सहज मिळणारा आणि कोणालाही न बिचकवणारा तोच. स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली कारखाना काढला (आजची व्हिक्टोरिनॉक्स कंपनी), १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली. लाल मुठीचे ओळखीचे चाकू त्याच परंपरेतले. रोजच्यासाठी मला खवल्याखवल्यांच्या ॲल्युमिनियम मुठीचे, ‘ॲलॉक्स’ म्हणतात ते जास्त आवडतात. त्यांतला कॅडेट ८४ मिलिमीटरचा: एक पातं, नखाची कानस, डबा उघडणी आणि बाटली उघडणी. वजन पन्नास ग्रॅमच्या आत, जाडी एवढी कमी की कुर्त्याचा खिसाही लोंबत नाही. त्याचा थोरला भाऊ पायोनियर ९३ मिलिमीटरचा, त्याला आरीही असते. चपलेच्या पट्ट्याला भोक पाडायला ती फार उपयोगी. आणि सगळ्यांत लहान क्लासिक, ५८ मिलिमीटरचा, किल्ल्यांच्या जुडग्यात मावणारा. त्याचं पातं नावापुरतं आहे, पण कात्री खरी कामाची. ज्यांच्या यादीत फळं नाहीत त्यांनी हा घ्यावा आणि लेख इथेच सोडला तरी चालेल.

ओपिनेल फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातला. जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० मध्ये बनवला. बीच लाकडाची गोल मूठ आणि एकच पातळ पातं. फळं कापायला याच्या तोडीचं या किमतीत मला दुसरं दिसलेलं नाही. आकडा जितका मोठा तितका चाकू मोठा: सहा नंबरचं पातं ७ सेंटिमीटर, सातचं ८, आठचं साडेआठ. मुंबईसाठी सहा घ्यावा. सगळे आठ सुचवतात, पण तो उघडला की टेबलावरच्या लोकांचं बोलणं थांबतं. १९५५ पासून याच्या मानेवर फिरती कडी असते. ती फिरवली की पातं उघडं पक्कं राहतं, आणि हल्लीच्या चाकूंत मिटलेलंही पक्कं राहतं, त्यामुळे पर्समध्ये आपोआप उघडत नाही. अर्थात लॉक आलं म्हणजे काटेकोरपणे हा स्लिपजॉईंट नाही, आणि तपासणाऱ्याच्या नजरेत लॉकवाला चाकू जरा वेगळा दिसतो. म्हणून मी तो घरी, गच्चीवर आणि सहलीला वापरते, रोजच्या पर्समध्ये ठेवत नाही.

अमेरिकन घराण्यात स्टॉकमन हा गुरं राखणाऱ्यांचा चाकू. तीन पाती: टोकदार, सरळ धारेचं आणि बोथट टोकाचं. शेवटचं जनावरांच्या खच्चीकरणासाठी होतं. अंधेरीत त्याने लोणी लावावं. सरळ धारेचं पातं मात्र पार्सलसाठी अप्रतिम, आणि वर म्हटलेली खाण्याची-बिनखाण्याची वाटणी यात आयती होते. दोष एकच, तीन पात्यांमुळे जाड. पेन्सिल्व्हेनियातल्या केस कंपनीचा पीनट त्यापेक्षा पुष्कळ लहान, मिटल्यावर तीन इंचांच्याही आत, दोन पात्यांचा. बार्लो हा मूळ इंग्लंडमधल्या शेफील्डचा. मुठीच्या पुढच्या टोकाला लांब धातूचा तुकडा असतो, त्यामुळे मान मजबूत.

जपानचा हिगोनोकामी दिसायला देखणा: पितळी पत्र्याची घडी आणि एक पातं. पूर्वी तिकडे शाळकरी मुलं पेन्सिलीला टोक काढायला तो वापरत. याला स्प्रिंगच नाही. मागे आलेली छोटी दांडी अंगठ्याने दाबून धरायची. घामट हाताने अंगठा घसरला की पातं बोटावर येतं. मेजवर ठेवायला छान. जूनमध्ये बाहेर नेऊ नका.

उरला रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांची ही मोठी कला आहे आणि ती मरू नये असं मला मनापासून वाटतं. पण हिंदी सिनेमाने त्याचं जे केलं ते मुंबईत पुसता येत नाही. लहान असो, नक्षीचा असो, फक्त आंबे कापायचा असो, रामपुरी खिशात घेऊन फिरू नका. शोकेसमध्ये ठेवा.

आपली हवा

परदेशी लेखांमधले सल्ले इथे सगळ्यांत जास्त फसतात. तिकडचे जाणकार कार्बन स्टीलच्या प्रेमात असतात, आणि त्यात चूक काही नाही. कार्बन स्टीलला धार पटकन लागते आणि ती बारीक लागते. पण त्यात क्रोमियम नगण्य असल्यामुळे आपल्या जुन्या लोखंडी विळीसारखं ते काळवंडतं आणि गंजतं. समुद्राची खारी हवा, पावसाळ्यातली दमट उष्णता आणि वर्षभराचा घाम, गंजाला जे जे हवं ते मुंबईत फुकट मिळतं. घामात मीठ असतं, त्यामुळे पँटच्या खिशातला चाकू पावसापेक्षा मे महिन्यात जास्त गंजतो.

म्हणून रोजचा चाकू स्टेनलेस. ओपिनेल घेतलात तर ‘इनॉक्स’ लिहिलेला बघा. केसच्या चाकूंवर ‘ट्रू-शार्प’ हे त्यांच्या स्टेनलेसचं नाव असतं, ‘सीव्ही’ म्हणजे कार्बनचा प्रकार. कार्बन हवाच असेल तर घरच्या फळांसाठी ठेवा. कैरी, लिंबू किंवा कांदा कापून पातं लगेच पुसलं की त्यावर करडी-निळसर झाक येते. ती झाक येऊ द्यावी, ती लाल गंजाला थोडी आडकाठी करते. मात्र नव्या कोऱ्या कार्बन पात्याने कैरी कापून पाहुण्यांपुढे ठेवू नका. फोडींना काळे डाग पडतात आणि लोखंडाची चव लागते.

मुठीचंही तसंच. बीच लाकूड दमट हवेत फुगतं आणि पावसाळ्यात ओपिनेलचं पातं मुठीत घट्ट बसतं, नखाने ओढून निघत नाही. तेव्हा ताकद लावू नका. कडी सोडवून, मुठीचा मागचा गोल भाग टेबलावर हलकेच आपटा. पातं पुढे सरकतं, मग धरून उघडा. सॅव्हॉयचे लोक हेच करतात. फारच अडकत असेल तर पंख्याखाली दोन दिवस वाळवून, खाचेच्या आतल्या बाजूला बारीक सँडपेपर फिरवावा आणि वर जवसाचं तेल किंवा मेण लावावं.

हाडाच्या मुठी सुंदर असतात, पण त्या बहुधा गुरांच्या हाडांच्या असतात. घरात शाकाहाराचं सोवळं असेल तर घेण्याआधी हे माहीत असलेलं बरं; लाकूड, मायकार्टा (राळेत दाबून घट्ट केलेले कापडाचे थर), ॲल्युमिनियम असे पर्याय आहेत. चोर बाजारात जुना चाकू हाती लागला आणि मूठ शिंगाची किंवा हस्तिदंताची वाटली तर तिथेच ठेवून या. सांबरशिंग आणि हस्तिदंत वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात आणि विकणाऱ्याचं ‘जुना माल आहे’ तुम्हाला वाचवत नाही. पितळी अस्तराच्या चाकूंना आतून हिरवट कळंक चढतो. तो टूथपिकला कापड गुंडाळून काढता येतो.

चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवणं ही सगळ्यांत वाईट साठवण. जुलैत चामड्याला बुरशी येते आणि आतलं पातं ओल धरून बसतं. म्यान बाहेर नेण्यापुरतं. घरी चाकू उघड्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

दुकानात हातात घेतल्यावर

सावकाश उघडा. नख न मोडता उघडला पाहिजे. नखं कापलेल्या, किंचित ओल्या बोटांनीही करून बघा. फार कडक स्प्रिंग ही काही मर्दुमकी नव्हे, पावसाळ्यात ती नुसती डोकेदुखी असते. उघडल्यावर पातं डावी-उजवीकडे डुगडुगतं का बघा. मिटवून प्रकाशाकडे धरा: स्प्रिंग आणि मुठीच्या आतल्या भिंतीमध्ये फट दिसते का, पातं भिंतीला घासतं का, आणि मुख्य म्हणजे टोक मुठीत पूर्ण बुडतं का. टोक जरा वर राहिलं तर आठवड्याभरात पर्सचं अस्तर फाटतं. काही चाकू अर्ध्यावर, काटकोनात थांबतात; नवशिक्यांसाठी ते चांगलं, बोटं काढून घ्यायला वेळ मिळतो. आणि ‘खटकन’ आवाज ऐकायला पातं जोरात मिटू देऊ नका, धार आत स्प्रिंगवर आपटून दाता पडू शकतो.

फूटपाथवर लाल मुठीचे, पांढऱ्या क्रॉसचे नकली चाकू ढिगाने असतात. पात्याच्या मुळाशी कंपनीचा ठसा आहे का आणि स्प्रिंगला जीव आहे का, एवढं पाहिलं तरी बहुतेक ओळखू येतात.

सकाळचा निर्णय

आता रोजचं. चाव्या उचलताना मी तीन प्रश्न विचारते, याच क्रमाने. आज स्कॅनरचं दार आहे का? असेल तर चाकू घरी, वाद संपला. शहरात काही मोठं आहे का, म्हणजे सभा, मिरवणूक, निवडणूक, सण? असेल तर घरी. आज खरंच काही कापायचं आहे का? डब्याबरोबर फळ असेल किंवा ऑफिसात पार्सल येणार असेल तर कॅडेट. नुसतीच सवय असेल तर किल्ल्यांचा क्लासिक. माथेरान-कर्जतकडे जाणार असू तर स्टॉकमन किंवा सहा नंबर ओपिनेल, पाठपिशवीच्या आतल्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळून. कास पठारापासून कोकणापर्यंत कुठेही जा, यापुढे काही लागत नाही.

मुंबईसाठी एवढ्यावर संग्रह पूर्ण होतो असं माझं म्हणणं. चौथा-पाचवा चाकू हौसेचा. हौस असू द्या, पण तिला गरज म्हणू नका.

बाळगायची जागाही ठरलेली असावी. पँटच्या मागच्या खिशात नको, गर्दीत तोच आधी जातो. पर्समध्ये असेल तर चेनच्या कप्प्यात, आणि त्या कप्प्यात दुसरं काही नाही, म्हणजे मेट्रोला जायचं आयत्या वेळी ठरलं तर एका हाताने चाचपून कळतं. चालत्या लोकलमध्ये उघडायचाच नाही. बायकांच्या डब्यात शेंगा सोलतात, मेथी निवडतात, ते हाताने. एका धक्क्याला पातं कुठे जाईल सांगता येत नाही. ऑफिसात कोणी “ताई, तो छोटा चाकू द्या ना” म्हणून आलं तर मिटवून, हातात न देता टेबलावर ठेवून द्यावा, आणि हा फळांचा आहे, टेपसाठी दुसरं काहीतरी वापर, हे तेव्हाच सांगावं. संकोच केलात की संध्याकाळी पेरूला डिंक लागलेला असतो.

निगा

घरी आल्यावर पातं कोरड्या फडक्याने पुसणं पुरेसं. फळ कापलं असेल तर आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या. महिन्यातून एकदा सांध्यात तेलाचा एक थेंब. शिवणयंत्राचं तेल अन्नाला लागणाऱ्या पात्याला नको. औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन घ्या. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल वाळून चिकट होतं. वर्षाची मोठी साफसफाई मी खंडेनवमीला करते. शस्त्रं-अवजारं पूजेला मांडायचा दिवस आहेच, आणि तो येतो पावसाळा सरताना, म्हणजे चार महिन्यांत कुठे गंज धरला हे बघण्याच्या अगदी नेमक्या वेळी. कोमट पाणी, साबण, जुना टूथब्रश, मग उन्हात पूर्ण वाळवणं आणि तेल. लाकडी मूठ पाण्यात बुडवू नये.

धारेसाठी नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर दुकानांत कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड मिळतो. रोजच्या चाकूला खरखरीत बाजू जवळपास लागतच नाही. बारीक बाजूवर पाणी टाकून, पातं पंधरा ते वीस अंशांत धरून, दोन्ही बाजूंना सारखे हात फिरवा. कोन किती यापेक्षा तो शेवटपर्यंत तोच राहणं महत्त्वाचं. मधल्या काळात चिनी मातीच्या कपाच्या तळाची खरखरीत कडा पुरते, आणि शेवटी चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, धार मागे राहील अशा दिशेने, आठ-दहा वेळा ओढायचं. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्या काकांना विळी द्या, कात्री द्या, मोठी सुरीही द्या. घडीचा चाकू देऊ नका. त्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा बारीक पातं तापून त्याचं पाणी उतरतं, आणि दोन-चार फेऱ्यांत ते एवढं झिजतं की मिटल्यावर मुठीत बसेनासं होतं.